राखीव जागांचा हिशेब द्या!

१९२८ साली सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची दुरवस्था सरकारी आकड्यांनिशी मांडली. आकड्यांशिवाय अन्याय सिद्ध होत नाही, हा धडा आम्ही त्यातून घेतला आहे.

आज पदवी प्रवेशाच्या गुणवत्ता याद्या लागतात, कट-ऑफ छापून येतो. पण कोणत्या प्रवर्गाचे किती अर्ज आले, किती प्रवेश झाले, किती राखीव जागा रिक्त राहिल्या आणि त्या पुढे कोणाला दिल्या, हे महाविद्यालये सहसा सांगत नाहीत. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात प्रवर्गनिहाय विद्यार्थिसंख्या मिळते, पण एकेका महाविद्यालयातला अन्याय त्या बेरजेत बुडून जातो.

गुणवत्तेवर खुल्या जागेस पात्र ठरलेला मागासवर्गीय विद्यार्थी राखीव कोट्यात मोजता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रितेश साह खटल्यात स्पष्ट केले. तो निकाल पाळला जातो की नाही, हे आकडे पाहिल्याशिवाय कसे कळणार?

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक संस्थांना आपली माहिती स्वतःहून जाहीर करायला सांगते. 'वैयक्तिक माहिती'ची सबब येथे चालणार नाही. आम्हाला कोणाची नावे नकोत, प्रवर्गनिहाय आकडे हवेत.

समाजातील सुशिक्षित तरुणांनी प्रवेश संपताच शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत माहिती अधिकाराचे अर्ज टाकावेत. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राखीव जागा हा आमचा घटनादत्त हक्क आहे. त्याचा हिशेब आम्ही घेणारच!