टोबॅगोचा ड्वाइट

वेस्ट इंडीज हे नाव ऐकले की तुम्हांला क्रिकेट आठवते. १९७१ साली सुनील गावसकर आपला पहिला कसोटी सामना पोर्ट ऑफ स्पेन येथे खेळले. हे शहर त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाची राजधानी आहे. ब्रायन लारा याच देशाचा. पण या देशातील मुलांचे फुटबॉलवरही तेवढेच प्रेम आहे. अशाच एका मुलाची हकिकत आज आपण वाचू या. त्याचे नाव ड्वाइट यॉर्क.

नावावरूनच कळते की हा देश दोन बेटांचा आहे. त्रिनिदाद हे मोठे बेट आणि टोबॅगो हे लहान. टोबॅगोचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ निम्मे. या बेटावरील कॅनन गावात ३ नोव्हेंबर १९७१ रोजी ड्वाइटचा जन्म झाला. घरची स्थिती साधारण होती. त्याच्या अंगातील गुण बर्टिल सेंट क्लेअर या प्रशिक्षकांनी हेरले आणि त्याला खेळाचे धडे दिले.

१९८९ साली इंग्लंडमधील अ‍ॅस्टन व्हिला हा क्लब वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर आला. त्याचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर होते. व्हिलाचा एक सामना ड्वाइटच्या संघाशी झाला. या मुलाचे चेंडूवरील नियंत्रण पाहून टेलर खूश झाले. त्यांनी त्याला चाचणीसाठी इंग्लंडला बोलावले.

चाचणी म्हणजे काय? नव्या खेळाडूने काही दिवस क्लबच्या खेळाडूंबरोबर सराव करायचा आणि प्रशिक्षकांनी त्याला पारखायचे. तो पसंत पडला तर क्लब त्याच्याशी करार करतो. करार झाला की फुटबॉल हाच त्याचा व्यवसाय होतो आणि त्याला खेळाचा पगार मिळतो. ड्वाइट या परीक्षेत उतरला. त्याला घेण्यासाठी व्हिलाने सुमारे १ लाख २० हजार पौंड मोजले.

त्याच वर्षी त्याच्या देशावर एक मोठा प्रसंग आला. १९ नोव्हेंबर १९८९ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे अमेरिकेविरुद्ध सामना होता. तो नुसता बरोबरीत सुटला असता तरी त्रिनिदाद आणि टोबॅगोला प्रथमच विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळणार होता. सारे स्टेडियम लाल कपड्यांनी फुलून गेले होते. परंतु अमेरिकेच्या पॉल कॅलिजुरीने लांबून मारलेला चेंडू गोलमध्ये गेला आणि सामना १-० असा हातचा गेला. प्रेक्षक रडले, पण त्यांनी दंगा केला नाही. त्यांच्या या वागणुकीबद्दल जागतिक फुटबॉल संघटनेने त्यांना खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. त्या वेळच्या राष्ट्रीय संघात अठरा वर्षांचा ड्वाइटही होता.

मग तो घरापासून सुमारे सात हजार किलोमीटर दूर, बर्मिंगहॅम शहरात राहू लागला. विचार करा, जन्मभर समुद्राकाठच्या उबदार हवेत वाढलेला मुलगा इंग्लंडच्या थंडीत एकटा! २४ मार्च १९९० रोजी तो व्हिलातर्फे क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पहिला लीग सामना खेळला. तो सामना व्हिलाने १-० असा गमावला.

आता तुम्हांला वाटेल, यानंतर त्याने भराभर गोल केले असतील. तसे झाले नाही. १९९१-९२ च्या हंगामात त्याने लीगमध्ये ११ गोल केले खरे. पण क्लबने डीन साँडर्ससारखे नावाजलेले खेळाडू विकत घेतले होते. संघात जागा अकराच असतात. ड्वाइटला कधी मैदानाच्या कडेला खेळावे लागे, तर कधी बाकावर बसावे लागे. १९९३-९४ च्या हंगामात त्याला लीगचे केवळ १२ सामने मिळाले. त्याच हंगामात, एप्रिल १९९४ मध्ये, त्याचा मित्र ब्रायन लारा याने एका डावात ३७५ धावांचा विश्वविक्रम केला. मित्राचे नाव जगभर गाजत होते आणि ड्वाइट संधीची वाट पाहत होता.

ही वाट पाहणेच व्यावसायिक खेळाडूची खरी कसोटी असते. सामना मिळो वा न मिळो, सराव चुकवता येत नाही. संधी कोणत्या दिवशी येईल हे आधी कळत नाही. ती येईल तेव्हा शरीर आणि मन दोन्ही तयार हवीत.

ड्वाइटची संधी १९९५ साली आली. साँडर्स दुसऱ्या क्लबकडे गेला. नवे व्यवस्थापक ब्रायन लिटल यांनी ड्वाइटला आघाडीच्या मधल्या जागी खेळवले. त्या एका हंगामात त्याने लीगमध्ये १७ गोल केले. लीग कपच्या अंतिम सामन्यात व्हिलाने लीड्सला ३-० असे हरवले. त्यातील तिसरा गोल ड्वाइटचा होता. त्या दिवशी तारीख होती २४ मार्च १९९६. पहिल्या लीग सामन्याला बरोबर सहा वर्षे झाली होती!

पुढे १९९८ साली मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी १ कोटी २६ लाख पौंड दिले. व्हिलाने दिलेल्या रकमेच्या शंभर पटींहूनही ही रक्कम अधिक होती. पहिल्याच हंगामात त्या क्लबने लीग, एफ. ए. कप आणि युरोपचा चॅम्पियन्स लीग असे तीन मोठे मान मिळवले.

आणि १९८९ सालच्या त्या पराभवाचे काय झाले? त्रिनिदाद आणि टोबॅगोला आणखी सोळा वर्षे वाट पाहावी लागली. अखेर नोव्हेंबर २००५ मध्ये बहारीनला हरवून या देशाने विश्वचषकात प्रवेश मिळवला. १० जून २००६ रोजी जर्मनीतील डॉर्टमुंड येथे त्याचा पहिला सामना झाला. बलाढ्य स्वीडनला त्याने एकही गोल करू दिला नाही आणि सामना बरोबरीत सुटला. त्या दिवशी संघाचा कर्णधार होता ड्वाइट यॉर्क. त्याचे वय तेव्हा चौतीस वर्षांचे होते.

टोबॅगोत आज त्याच्या नावाचे स्टेडियम आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी शाळेच्या संघात राखीव खेळाडू असेल, तर त्याने या स्टेडियमचे नाव जरूर लक्षात ठेवावे.