निकालाच्या दिवशी साइट पडत नाही, त्यामागे कोण असतं?

बारावीचा निकाल लागला की कारंजा (घाडगे) मधला विद्यार्थी आणि मुंबईतला विद्यार्थी एकाच मिनिटाला साइट उघडतात. त्या एका तासासाठी शेकडो कॉम्प्युटर विकत घेऊन ठेवणं कुणालाच परवडणारं नाही. अशा कामासाठी क्लाउड असतो. लागतील तेवढे कॉम्प्युटर भाड्याने घ्यायचे, गर्दी ओसरली की परत करायचे.

पण हे भाड्याचे कॉम्प्युटर खरे नसतात बरं का! डेटा सेंटरमधल्या एका दणकट मशीनचे सॉफ्टवेअरने केलेले भाग असतात ते. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुन्या वाड्यात कशी पाच-सहा बिऱ्हाडं राहायची, तसंच. छप्पर एक, पण प्रत्येकाचं दार आणि कुलूप वेगळं. भिंती घालण्याचं काम केव्हीएम, झेन, क्यूएमू ही सॉफ्टवेअर्स करतात. कुणाला कुठली खोली द्यायची आणि भाड्याचा हिशोब कसा ठेवायचा, हे ओपनस्टॅक किंवा अपाची क्लाउडस्टॅक बघतं. ही सगळी ओपन सोर्स आहेत, म्हणजे कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा. ओपनस्टॅक २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेसने सुरू केलं. क्लाउडस्टॅक २०१२ मध्ये सिट्रिक्सने अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं.

फुकट मिळतं म्हणून ते आपोआप चालत नाही. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाची चूक उघड झाली. क्यूएमूमध्ये जुन्या फ्लॉपी डिस्कची नक्कल करणारा कोड होता, आणि त्यातली ही चूक २००४ पासून तशीच पडून होती. फ्लॉपी कोण वापरतं आता? तुमच्यापैकी अनेकांनी ती सेव्हच्या चिन्हातच पाहिली असेल. पण कोड चालूच होता. त्यामुळे एका व्हर्च्युअल मशीनचा ताबा असलेला माणूस भिंत फोडून मूळ मशीनवर, आणि तिथून शेजाऱ्याच्या खोलीत जाऊ शकला असता. शेजारी बँक असली तर? दुरुस्ती काही ओळींचीच होती. पण ती जगभरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचवायची आणि चालू मशीन्स बंद करून पुन्हा सुरू करायची, हे खरं जिकिरीचं काम.

हे सगळं बघणाऱ्यांना मेंटेनर म्हणतात. नवीन फीचर लिहिणं हा त्यांच्या कामाचा लहानसा भाग. बाकी वेळ जातो तो दुसऱ्यांनी पाठवलेला कोड तपासण्यात, ‘माझ्याकडे चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या तक्रारींचा माग काढण्यात, आणि जुन्या आवृत्त्या सांभाळण्यात. अपाचीमध्ये नवी आवृत्ती काढायची तर मतदान होतं. साधारण ७२ तास दिले जातात आणि अधिकार असलेल्या किमान तीन सदस्यांचा होकार लागतो. वेळखाऊ वाटतं, पण एकट्याच्या घाईने चुकीची आवृत्ती बाहेर पडू नये म्हणून ते बरंच आहे.

यातले काही जण पगारी असतात. रेड हॅटचं पुण्यात इंजिनीअरिंग ऑफिस आहे. केव्हीएम आणि ओपनस्टॅकवर तिथूनही काम झालंय. काही जण मात्र नोकरी सांभाळून रात्री बसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, कायमस्वरूपी लायसन्स बंद केली, आणि अनेक कंपन्या ओपन सोर्स पर्याय शोधू लागल्या. वापरणारे असे एकदम वाढतात. तपासणारे हात त्या वेगाने वाढत नाहीत. मला यातली खरी अडचण हीच वाटते.

यात शिरायला महागडा लॅपटॉप लागतोच असं नाही. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकून त्यात क्यूएमू चालवता येतं. मशीन कासवाच्या गतीने सुरू होईल, बॅटरीही खाईल, पण फोनमध्ये दुसरा कॉम्प्युटर उभा राहिलेला दिसेल. जुना लॅपटॉप असेल तर त्यावर लिनक्स टाका आणि व्हर्ट-मॅनेजर वापरून बघा. मग एखाद्या प्रोजेक्टच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे पायरी पायरीने करत जा. जिथे सूचना जुनी झालेली सापडेल, ती दुरुस्त करून पाठवा. मेंटेनर ती तपासतील, कदाचित दोन-तीनदा बदलायला लावतील, आणि मग घेतील.