औषधाची दोन नावे

घरखर्चाचा विचार करताना आपण धान्य, दूध, घरभाडे, मुलांची फी या सर्वांचा हिशेब ठेवतो. औषधाच्या बिलापुढे मात्र आपली हिशेबी वृत्ती गप्प बसते. किंमत विचारणे म्हणजे जणू रुग्णाच्या जिवाशी घासाघीस करणे, असे आपल्याला वाटते. ही भावना चांगुलपणातून येते. पण तिचा परिणाम चांगला होतोच असे नाही. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या विकारांची औषधे बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. त्यांचा भार पेलेनासा झाला की घरातील वडीलधारे कोणालाही न सांगता गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात. आणि आज वाचविलेल्या शेकड्यांपायी उद्या इस्पितळात हजारो रुपये मोजण्याची पाळी येते. यास्तव औषधांचा खर्च कमी करण्याचा विचार हा कृपणपणाचा नव्हे, तर उपचार अखंड चालू ठेवण्याचा विचार आहे.

या विचाराची किल्ली एका साध्या गोष्टीत आहे. बाजारातील बहुतेक औषधांना दोन नावे असतात: एक द्रव्याचे मूळ नाव आणि दुसरे कारखानदाराने ठेवलेले व्यापारी नाव. पॅरासिटामॉल हे मूळ नाव. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही त्याच द्रव्याच्या गोळ्यांची बाजारातील नावे. पाळण्यातले नाव एक आणि हाक मारण्याचे दुसरे असले, तरी मूल एकच असते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे हाक मारण्याच्या नावाला निराळे दाम पडतात.

असे का व्हावे? १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्या देशात औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीवरच हक्क मान्य केला. त्यामुळे निराळ्या पद्धतीने तेच औषध बनविण्याची वाट देशी कारखान्यांना मोकळी झाली. २००५ मध्ये द्रव्यावरील पेटंट पुन्हा आले, तरी जुनी औषधे सर्वांना खुलीच राहिली. कारखानदार वाढले म्हणजे किमतीची चुरस व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात चुरस झाली ती नावांची. कंपनीचे प्रतिनिधी, जाहिरात आणि नावाचा लौकिक या सर्वांचा खर्च अखेर गोळीच्या किमतीत मिसळतो.

हा प्रश्न आजचा नाही. १९७५ मध्ये हाथी समितीने व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने कमी करून मूळ नावांचा वापर वाढवावा, अशी शिफारस केली होती. आपल्या वडोदऱ्यात १९८३ साली ‘लोकॉस्ट’ नावाचा विश्वस्त न्यास स्थापन झाला. आवश्यक औषधे मूळ नावाने आणि माफक दरात देता येतात, हे त्याने दाखवून दिले. २००८ मध्ये केंद्र सरकारने जनऔषधी योजना सुरू केली. २०२३ च्या अखेरीस तिच्या केंद्रांची संख्या दहा हजारांवर गेली. तेथील औषधे प्रसिद्ध व्यापारी नावांच्या तुलनेत साधारणतः ५० ते ९० टक्के स्वस्त असतात.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? प्रथम डॉक्टरांनाच विनंती करावी की, चिठ्ठीवर मूळ नाव लिहावे. यात संकोचाचे कारण नाही; औषधे मूळ नावाने व सुवाच्य अक्षरांत लिहावीत, असा वैद्यकीय आचारसंहितेचा २०१६ मधील सुधारित नियमच आहे. ही विनंती दुकानदाराला करून भागत नाही. चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांत लिहिलेल्या नावाऐवजी दुसरे देण्यास कायद्याने त्याला मनाई आहे.

दुसरी गोष्ट, गोळ्यांची पट्टी वाचावयास शिकावे. एकेरी औषधाच्या पट्टीवर मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या ठशात असावे, असा दंडक २०१८ पासून आहे. नावासोबत मिलिग्रॅमचा आकडाही पाहावा. छापील किंमत ही कमाल किंमत होय. तीहून कमी दराने विकण्यास कोणाची आडकाठी नसते. औषध नवे असेल तर प्रथम थोड्याच दिवसांपुरते घ्यावे. ते न मानवल्यास उरलेल्या गोळ्या वाया जात नाहीत.

स्वस्त औषध कमअस्सल तर नसेल, ही शंका स्वाभाविक आहे. दोहोंना परवाना आणि तपासणी यांचा कायदा एकच आहे. केवळ जास्त किंमत ही शुद्धतेची हमी नव्हे. परवानाधारक दुकानातून पावती घेऊनच खरेदी करावी आणि मुदतीची तारीख पाहावी. तथापि अपस्मार, थायरॉईड आणि रक्त पातळ ठेवणारी काही औषधे यांत मात्रेचा थोडा फरकही बाधतो. तेथे डॉक्टरांना विचारल्यावाचून बदल करू नये. हळूहळू विरघळणारी गोळी पैसे वाचविण्यासाठी तोडू नये, आणि प्रतिजैविके डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपूर्वी आपल्या मनाने थांबवू नयेत.

शेवटी एक काम सुचवितो. त्याला एक पैसाही लागत नाही. घरातील सर्व पट्ट्या समोर मांडाव्यात आणि प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा व वेळ एका कागदावर लिहावी. पट्ट्यांवरील अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. वडीलधाऱ्यांसाठी ती नावे देवनागरीत, ठसठशीत अक्षरांत उतरवावीत. कित्येकदा दोन डॉक्टरांनी दोन व्यापारी नावांनी एकच द्रव्य लिहून दिलेले असते, आणि रुग्ण नकळत दुप्पट मात्रा घेत असतो. तसे आढळल्यास तो कागद घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. दर खेपेस हा कागद सोबत न्यावा. त्याने खर्च वाचेल. पण प्रसंगी त्याहून मोलाचा असा माणसाचा जीवही वाचेल.