इंग्रजीत ‘अ’ श्रेणी, पण ओळ वाचता येईना? मार्क काय सांगतात, पालकांनी घरी काय तपासावं

प्रगतीपत्रकावर इंग्रजीपुढे चांगली श्रेणी असते. घरात सगळे खूश होतात. पण खताच्या पोत्यावरचे किंवा औषधाच्या पाकिटावरचे चार इंग्रजी शब्द वाच म्हटलं, की तेच मूल गप्प बसतं. हा प्रकार अनेक घरांत दिसतो. यात मूल खोटं बोलत नाही आणि गुरुजींनी फुकट मार्क वाटले असंही दरवेळी नसतं. शाळेतली परीक्षा एक गोष्ट मोजते आणि पालकांना दुसरीच हवी असते.

नवं शैक्षणिक वर्ष जवळ आलं, की जिल्हा परिषदेची शाळा ठेवायची की पिवळ्या बसची इंग्रजी शाळा धरायची, यावर घराघरांत खल होतो. फी, बसभाडं, गणवेश असा वर्षाचा मोठा खर्च अंगावर येतो. हा निर्णय नुसत्या श्रेणीवर किंवा टाय-बुटावर घेण्याआधी आपल्या मुलाचं इंग्रजी नेमकं कुठं आहे, हे पालकांना कळायला हवं. ते कळण्यासाठी पालकांना स्वतःला इंग्रजी येण्याची गरज नाही.

पहिलीपासून इंग्रजी, तरी अडतं कुठं?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षं इंग्रजी शिकतं. तरीही अडतं, त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं कारण अक्षरांचं. मराठीत ‘क’ला ‘क’च म्हणतात आणि वाचतानाही ‘क’च येतो. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा. ‘सी’ म्हणायचं, पण ‘कॅट’ वाचताना ‘क’ येतो आणि ‘सिटी’ वाचताना ‘स’. ‘बी-यू-टी’ बट होतं, पण ‘पी-यू-टी’ पुट होतं. एबीसीडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला अक्षरांची नावं येत असतात, आवाज येतातच असं नाही. म्हणून तिथून पुढं गाडी अडते.

दुसरं कारण कानाचं. मराठी दिवसभर कानावर पडते. खेड्यातल्या मुलाला इंग्रजी भेटते ती वर्गातल्या एका तासाला. त्यात दोनशिक्षकी शाळा असेल, तर एकाच गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. प्रत्येकाला बोलतं करायला वेळ उरत नाही.

तिसरं कारण फळ्याचं. अनेक ठिकाणी धडा वाचून दाखवतात, मराठीत अर्थ सांगतात आणि प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून देतात. मुलं ती उतरवून घेतात. वही भरते, अक्षर सुंदर दिसतं. पण उतरवणं म्हणजे लिहिता येणं नव्हे. चित्र काढावं तशी काही मुलं शब्द काढतात.

मार्क येतात कुठून?

पहिली ते आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन चालतं. त्याचे दोन भाग असतात. वर्षभराच्या कामाचं ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. २०१० च्या शासन निर्णयात त्यांचा वाटा असा ठरला:

- पहिली-दुसरी: आकारिक ७०, संकलित ३०
- तिसरी-चौथी: आकारिक ६०, संकलित ४०
- पाचवी-सहावी: दोन्ही ५०-५०
- सातवी-आठवी: आकारिक ४०, संकलित ६०

आकारिकमध्ये रोजचं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय असं बरंच काही येतं. पद्धत चांगली आहे. एका दिवसाच्या पेपरात घाबरणाऱ्या मुलाला ती न्याय देते. पण तोंडी कामाला वेळ मिळाला नाही आणि वही-प्रकल्पावरच मार्क पडले, तर श्रेणी वर जाते आणि वाचन जागेवरच राहतं.

दहावीतही हेच गणित आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचा लेखी पेपर ८० मार्कांचा आणि २० मार्क शाळेकडून मिळतात. पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात. समजा शाळेने २० पैकी १८ दिले, तर लेखीत ८० पैकी १७ पडले तरी बेरीज ३५ होते. मुलगा पास होतो, पेढे वाटले जातात. पुढं अकरावी सायन्सला गेल्यावर पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. तिथं पहिल्या दोन महिन्यांतच खरी परिस्थिती समोर येते.

धोका दहावीआधीही आहे. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, पण त्यातही अपयश आलं तर त्याच वर्गात बसावं लागू शकतं. म्हणून कच्चं राहिलेलं मार्च-एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही.

ओळखीचा धडा आणि अनोळखी ओळ

मुलाला पुस्तकातला धडा वाचायला लावला, तर तो वाचतो. त्याने तो वर्गात दहा वेळा ऐकलेला असतो. काही मुलं पुस्तक उलटं धरलं तरी धडा म्हणतील. खरं वाचन कळतं ते कधी न पाहिलेल्या ओळीवर.

‘असर’ नावाची पाहणी याच तत्त्वावर चालते. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या या पाहणीत कार्यकर्ते खेड्यातल्या घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवतात. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं अशा पायऱ्यांवर वाचायला देतात आणि वाचलेल्याचा अर्थही विचारतात. २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या फक्त २४.५ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली. आठवीत हे प्रमाण ४६.७ टक्के होतं. यात सरकारी आणि खासगी, दोन्ही शाळांतली मुलं होती. म्हणजे आठवीपर्यंत येऊनही निम्म्याहून जास्त मुलं सोप्या वाक्याला अडतात.

घरच्या घरी दहा मिनिटांची तपासणी

हीच रीत पालकांना घरी वापरता येते. पुस्तकाबाहेरचं काहीतरी घ्यायचं. बिस्किटाचा पुडा, बियाण्याची पिशवी, वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा लहान इयत्तेचं दुसऱ्या कुणाचं पुस्तक चालेल.

१. अक्षर: मोठ्या आणि लहान लिपीतली पाच-पाच अक्षरं क्रम मोडून दाखवावीत. क्रमाने म्हणायला लावू नये.

२. आवाज: प्रत्येक अक्षराचा आवाज काय, ते विचारावं. ‘बी’ नव्हे, ‘ब’.

३. शब्द: ‘पेन’, ‘बस’, ‘हॅट’ असे तीन अक्षरांचे पाच शब्द द्यावेत. मग पहिलं अक्षर बदलून ‘हेन’, ‘रॅट’ करावं. बदललेला शब्द वाचता आला, तर मूल खरंच वाचतंय.

४. वाक्य आणि अर्थ: चार-पाच शब्दांचं नवं वाक्य वाचायला द्यावं. मग मराठीत विचारावं, काय लिहिलंय?

५. ऐकणं आणि बोलणं: ‘दार लाव’, ‘पाणी आण’ अशा सूचना मोठ्या बहीण-भावाने इंग्रजीत द्याव्यात. मुलाने स्वतःबद्दल तीन वाक्यं बोलावीत. पाठ केलेला ‘माय नेम इज’ झाल्यावर एक उलटा प्रश्न विचारावा, जसं ‘तुझ्या घरी गाई किती?’

उत्तर बरोबर की चूक हे कसं कळणार? मोबाईलवर गुगल ट्रान्सलेटचा कॅमेरा मजकुरावर धरला की मराठी अर्थ दिसतो. मशीनचा अर्थ कधीकधी वाकडातिकडा येतो, पण अंदाज येतो. मात्र आधी मुलाने सांगायचं, मग मोबाईल बघायचा. उलट केलं तर तपासणीच राहत नाही.

एक पथ्य पाळावं. ही परीक्षा नाही. चुकलं म्हणून चार लोकांत हसू नये, शेजारच्या पोराशी तुलना करू नये. लाजलेलं मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

कुठं अडलं, त्यावर उपाय

आवाजावर अडलं, तर रोज दोन-तीन आवाज आणि त्यांचे छोटे शब्द, एवढंच पुरे. सातवीतलं मूल असलं तरी लाज बाळगू नये, पायरी गाळून वर चढता येत नाही. शब्द येतात पण वाक्य नाही, तर रोज पाच ओळी मोठ्याने वाचून घ्याव्यात. वाचतो पण अर्थ कळत नाही, तर शब्दसंग्रह कमी आहे. गोठा, स्वयंपाकघर, दुकान इथल्या वस्तूंची इंग्रजी नावं रोज चार-पाच वापरात आणावीत. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर मोफत मिळतात. मागच्या इयत्तेचं पुस्तक उघडायला काहीच हरकत नाही.

आणि मराठी वाचनच कच्चं असेल, तर आधी तिकडं लक्ष द्यावं. एका भाषेत वाचून अर्थ लावायची सवय लागली, की दुसऱ्या भाषेत ती कामी येते.

शाळेत काय विचारावं?

पालकसभेत ‘पोरगं कसं आहे?’ विचारलं, की ‘ठीक आहे’ असं उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारावं:

- न पाहिलेला उतारा ते वाचू शकतं का?
- तोंडी कामाचे मार्क कशावर दिले?
- प्रगतीपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदीत इंग्रजीबद्दल काय लिहिलंय?
- वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत काय निघालं?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पायाभूत आणि संकलित चाचण्यांत भाषा आणि गणिताबरोबर इंग्रजीही असते. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते, त्यामुळं मूल कुठं मागं राहिलं ते वर्षाच्या सुरुवातीलाच दिसतं. उपाय करायला पुढं अख्खं वर्ष असतं.

प्रश्न एकट्याने विचारायला संकोच वाटला, तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्याप्रमाणे तिच्यातले किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. खोल्या, पोषण आहार आणि शौचालयाबरोबर ‘आपल्या शाळेतली किती मुलं नवी ओळ वाचतात’ हा विषयही तिथं घेता येतो. गुरुजींवर खापर फोडण्यासाठी नाही, तर वर्गाला रोजची दहा मिनिटं तोंडी वाचनाला मिळावीत म्हणून.

माध्यम बदलण्याआधी

मूल इंग्रजी शाळेत घातलं की इंग्रजी आपोआप येतं, असा समज आहे. तिथंही वर्गात फक्त उतरवून घेत असतील, तर मूल विज्ञान आणि गणितही न समजता पाठ करतं. म्हणून प्रवेशाआधी त्याच शाळेतल्या तिसरी-चौथीच्या एखाद्या मुलाला एक नवी ओळ वाचायला द्यावी आणि मराठीत अर्थ विचारावा. माहितीपत्रकातून कळणार नाही ते इथं कळतं.

सेमी-इंग्रजीचा पर्यायही अनेक शाळांत आहे. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकी विषय मराठीतून. तो घेतानाही कसोटी तीच. सोपं इंग्रजी वाक्य वाचून अर्थ सांगणाऱ्या मुलाला सेमी झेपतं. ज्याला ते जमत नाही, त्याच्यावर दोन विषयांचं ओझं वाढतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिलं सत्र संपतं. तपासणी तेव्हाच करून पाहिली, तर दुसरं सत्र हातात राहतं. आणि तीच तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा केली, की मूल किती पायऱ्या चढलं ते पालकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.