शेजाऱ्यांनी सजवलेला जिना

सॅन फ्रान्सिस्कोला पाहुणे आले की गोल्डन गेट ठरलेलाच. मी मात्र त्यांना मोरागा स्ट्रीटवरचा १६३ पायऱ्यांचा जिनाही दाखवते. तो खालूनच बघायचा हं! रंगीत तुकडे पायऱ्यांच्या उभ्या बाजूला आहेत, वरून नुसतं काँक्रीट दिसतं. तळाशी समुद्र आणि मासे, मग फुलं, पक्षी, अगदी वर सूर्य.

२००५ साली हे काम पूर्ण झालं. आखणी एलीन बार आणि कोलेट क्रचर या दोन कलाकारांची, पण हात लागले शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक करतात ना, तसंच: फोडलेल्या टाइल्स, सिमेंट आणि मग फटी भरायचं चिकाटीचं काम. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं माशांवर, पक्ष्यांवर आहेत. ती वाचण्यातच माझा वेळ जातो. २०१३मध्ये याच दोघींनी जवळच हिडन गार्डन स्टेप्सही केल्या.

अशा कामांत आपली मंडळी मला कमीच दिसतात. "घर भाड्याचं, व्हिसाचं काही खरं नाही, कशाला गुंतायचं?" असं म्हणतात. असेना का! मुलांच्या शाळेत मोझॅक होणार असेल तर जा. टाइल कापणं मोठ्यांचं काम, तिथे माणसं कमीच पडतात. आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या, घरात कंटाळलेल्या आजींनाही न्या. रांगोळी घातलेल्या हातांना तुकडे जुळवायला कितीसा वेळ लागणार? इंग्रजीही लागत नाही.