चिटबॉयच्या वहीतली माहिती सर्वांची व्हावी

सभासद बंधू-भगिनींनो,

मागच्या हंगामात एका गटातला आमचा चिटबॉय काम सोडून गेला, आणि त्याच्यासंगं त्याची वहीही गेली. कोणाचं वावर चोपण, कोणाचं बेणं कुठलं, पावसात ट्रॅक्टर कुठं फसतो, हे सारं त्या वहीत होतं. कार्यालयात राहिली फक्त क्षेत्राची अन् लागण तारखेची नोंद. तीन-चार सभासदांचा ऊस पक्व होऊनही तोडणी मागं राहिली, वजन घटलं. चूक आमच्या खात्याची आहे, ती आम्ही मान्य करतो.

‘मग हे संगणकात का घालत नाही?’ असे सभासद विचारतात. घालायचे आहे; पण कसे, ते वारणेकडून शिकावे. तेथे १९९८ साली सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आली. गावोगावी संगणक केंद्रे झाली. बाजारभाव, पीकसल्ला असे बरेच योजले होते. पण संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबालाच लागले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तेथील ७ गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल वापरून पाहिला. सभासदाने संदेश धाडायचा, की उसाचे वजन अन् खताचा हिशेब उत्तरात येई. काम तेच, खर्च कमी, केंद्रावर खेटा नाही. तात्पर्य, आधी सभासदाचा प्रश्न, मग यंत्र.

पण हिशेबाच्या पुढेही काही आहे. वळीव पडला, की हुमणीचे भुंगेरे सांजेला कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते वेचले, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर पुढची अळी टळते. सिंदखेडराजाकडं वळीव पडला तरी मेहकरकडं कोरडं असू शकतं. म्हणून जिथं भुंगेरे दिसले तिथला निरोप त्याच दिवशी शेजारच्या गावाला पोचला पाहिजे. मादीनं जमिनीत अंडी घातल्यावर निरोप येऊन काय कामाचा?

म्हणून नव्या पद्धतीत आम्ही तीन गोष्टी धरल्या आहेत. नोंद माणसाच्या नव्हे, वावराच्या गट नंबरावर राहील. निरोप सभासदाकडूनही येईल. आम्ही शिवारात जाऊन खात्री करू, मगच तो इतरांना धाडू. आणि साध्या फोनवरही सारं चालेल.

एकच विनंती. लागणीआधी गट ऑफिसात या, आपल्या वावराची नोंद वाचून घ्या, चुकली असेल तर तिथंच दुरुस्त करा. तुमच्याइतकं तुमचं वावर कोणत्या संगणकाला कळणार?

आपले नम्र,
ऊस विकास अधिकारी व शेतकी खाते