कादंबरी लिहून झाली? आता एक पानाचं पत्र लिहा!

लॅपटॉपमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशा नावांनी सेव्ह केलेली कादंबरी आहे? मग ती प्रकाशकाकडे पाठवा की! फक्त अख्खी फाइल जोडून ‘कृपया वाचावे’ एवढ्या दोन शब्दांवर मेल ढकलू नका. आधी पत्र लिहा, एकच पान.

आणि वयाचं टेन्शन नको. १९६३ मध्ये ‘कोसला’ आली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीतच होते.

आधी पुस्तकाच्या दुकानात जा

तुमच्यासारखं लेखन कोण छापतं, ते बघा. स्पर्धा परीक्षांची गाइड्स काढणाऱ्याला कवितासंग्रह पाठवून काय उपयोग? पत्रात त्या प्रकाशनाच्या एखाद्या पुस्तकाचा उल्लेख करा, पण खरंच वाचलं असेल तरच. मग त्यांच्या वेबसाइटवर किंवा फोन करून विचारा : सध्या हस्तलिखितं घेताय का? मेलवर की छापील प्रत? टाइप कशात हवं, युनिकोडमध्ये?

पत्रात काय?

पहिल्याच ओळीत नाव, प्रकार आणि शब्दसंख्या. नंतर दोन-तीन वाक्यांत गोष्ट. ‘माझी कादंबरी आजच्या तरुणाईचं वास्तव मांडते’ हे वाक्य कुणाच्याही कादंबरीला चिकटतं. त्याऐवजी असं लिहून बघा : ‘स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेल्या मुलीला तिसऱ्या अटेम्प्टनंतर गावी परतायचंय. पण तिच्या क्लाससाठी वडिलांनी विकलेलं शेत तिला परतू देत नाही.’ माणूस कळला, पेचही कळला. आता संपादकाला पुढचं वाचावंसं वाटेल.

शेवटी स्वतःबद्दल तीन ओळी. दिवाळी अंकात कथा आली असेल, तर अंकाचं नाव आणि वर्ष लिहा. काहीच छापून आलं नसेल, तर तो मुद्दाच सोडून द्या. ‘मी नवखा आहे, चुका पदरात घ्या’ असलं काही नको. आणि ‘मित्रांना जाम आवडली’ हेसुद्धा नको!

सोबत एक पानाचा सारांश (शेवटासकट, सस्पेन्स वाचकासाठी ठेवा) आणि पहिली दोन प्रकरणं जोडा. फोन नंबर विसरू नका.

‘तुमचंच पुस्तक, तुमचेच पैसे’

असं उत्तर आलं, तर हुरळून जाऊ नका. स्वखर्चानं पुस्तक काढण्यात गैर काही नाही, पण प्रती किती, दुकानांत पोचवणार कोण, हक्क कुणाकडे, हे लेखी घ्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तीही बघा.

‘माझी गोष्ट कुणी ढापली तर?’ १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, लिहिताक्षणी हक्क लेखकाचा असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तरी पाठवलेल्या मेलची तारीख आणि फाइल जपून ठेवा. करारावर सही करताना मात्र प्रत्येक ओळ वाचा. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं दिसलं, की पेन खाली ठेवा आणि विचारा : अनुवादाचे, ऑडिओचे, वेबसिरीजचेसुद्धा?

पत्र गेल्यावर दोन-तीन महिने थांबा, मग एक नम्र आठवण करा. नकार आला तर यादीतला पुढचा प्रकाशक आहेच. त्याच्यासाठी पत्र मात्र नव्यानं लिहा, नुसतं वरचं नाव बदलू नका.